क्रीनाचं पहिलं गिऱ्हाईक

ओतिलियाचं पार्लर आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे, पूर्वी खाणकामगार जिथं सायकली लावायचे त्या खोलीत. आमच्या पेत्रिला गावची कोळशाची खाण बंद झाली, सायकली गेल्या, सायकलवाले गेले. केस तेवढे वाढायचे थांबले नाहीत, असं ओतिलिया म्हणते. मी तिच्या वरच्याच मजल्यावर राहते. पुढं सांगते त्यातलं काही मी डोळ्यांनी पाहिलंय; उरलेलं तिनंच सांगितलंय, माझे केस विंचरताना.

क्रीना तिची शाळेपासूनची मैत्रीण, घर चौथ्या मजल्यावर. नवरा कामाला म्हणून स्पेनला गेला तो तिकडचाच झाला. मग क्रीनाही गेली, इटलीला, म्हाताऱ्यांची सेवा करायला. आमच्या खोऱ्यातल्या निम्म्या बायका तेच करतात. मुलगी इलिंका तेव्हा चार वर्षांची होती. "वर्षभराचा तर प्रश्न आहे," असं म्हणून तिला ओतिलियाकडे ठेवली. ओतिलियाला ना नवरा ना मूल. आता इलिंका नऊ वर्षांची आहे, ओतिलियाला तिली म्हणते, आणि आई म्हणजे तिच्या लेखी फोनमधलं एक तोंड.

क्रीना ज्या म्हातारीकडे राहायची ती अंथरुणाला खिळलेली. दिवसरात्र तिच्याच खोलीत. दुपारी थोडी सुट्टी मिळायची, तेवढ्यात ती वेब डिझाइन शिकायची. म्हातारीच्या नातवानं आपला जुना लॅपटॉप तिला देऊन टाकला होता. पुस्तकात डोकं घालायचा शाळेत जिला कंटाळा, ती क्रीना आता फोनवर रंगांबद्दल, अक्षरांच्या आकाराबद्दल बोलत सुटायची. हे काम कुठूनही करता येतं, म्हणजे घरूनही, एवढंच तिला दिसत होतं.

नोव्हेंबरात ओतिलियानं तिला विचारलं, "नाताळला काय पाठवू? डुकराचं सॉसेज? अक्रोडाचा गोड पाव, कोझोनाक, करू?"

"मला एक गिऱ्हाईक पाठव," क्रीना म्हणाली.

"काय?"

"गिऱ्हाईक गं. एक खरा माणूस, जो म्हणेल, क्रीनाबाई, माझी वेबसाइट करून द्या. फुकट का होईना. पण त्याला ती खरंच हवी असली पाहिजे."

"मग माझ्या पार्लरची कर की!"

"तू गिऱ्हाईक नाहीस, तू ओतिलिया आहेस. तुझी मी सरावाला केव्हाच केलीय. त्यात तुझं नाक फार मोठं दिसतंय."

दोघी हसल्या. पण फोन ठेवताना क्रीना हळूच म्हणाली, "चेष्टा नाही करत मी. मला दुसरं काही नको."

ओतिलियानं ते मनावर घेतलं. दुपारी दुकान बंद करून ती गावभर फिरायला लागली. दाताचा डॉक्टर म्हणाला, "माणसाचा दात दुखला की तो मला शोधत येतो, मी त्याला कशाला शोधू?" बेकरीवाली फेसबुकवर पावाचा फोटो टाकते, तिला तेवढं पुरे होतं. शवपेट्या विकणाऱ्या मितीकानं तिला खुर्ची दिली, कॉफी दिली, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे बघ ओतिलिया, माझी गिऱ्हाईकं इंटरनेट बघत नाहीत." फुलवालीचा पुतण्या असलं काम करतो म्हणे. म्हणजे अजून करत नव्हता, पण करणार होता. शेजारच्या पेत्रोशानी शहरापर्यंत जाऊन आली ती. टायरवाला, चष्मेवाला, नाच शिकवणारी बाई. सगळ्यांचं तेच: मुलगी चांगली असेल हो, पण आम्हाला कशाला?

"बूट झिजवून आले," ती मला म्हणाली. "एवढ्या मोठ्या खोऱ्यात एक माणूस 'हो' म्हणत नाही."

इकडे क्रीनाचं बिनसत चाललं होतं. तिचे फोन छोटे व्हायला लागले. झोप नाही म्हणायची. म्हातारी रात्रभर हाका मारते, आणि मारत नसली तरी आपल्याला ऐकू येतात म्हणायची. इलिंका फोनवर आली तर क्रीना बोलण्याआधीच रडायला लागायची, मग इलिंका फोन टाकून पळायची. आणि एका दुपारी क्रीना अगदी शांत आवाजात बोलली. ओतिलिया त्या आवाजालाच घाबरली.

"आज स्टेशनजवळच्या पुलावर उभी होते," क्रीना म्हणाली. "बराच वेळ. एका म्हाताऱ्यानं हात धरून मला बाजूला नेलं. मी कशाला उभी होते, मलाच कळलं नाही."

"क्रीना!"

"काही नाही गं. थकलेय. मला वाटतं, मी इथंच मरणार, ओती. ही म्हातारी गेली की दुसरी म्हातारी. शेवटी माझ्या खाटेजवळ कुणीतरी बसलेली असेल आपल्याच गावची."

ओतिलिया खुर्चीवरून उठली. कात्री हातात तशीच. समोर आरशात तिला आपलंच पांढरंफटक तोंड दिसत होतं. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं, तुझं गिऱ्हाईक मिळालंय!"

"कोण?" क्रीनानं विचारलं.

"नेआ झाहारिया," ओतिलिया म्हणाली. जे नाव आधी सुचलं ते. "वर पारंग डोंगराच्या रस्त्याला गेस्टहाउस नाही का, लुक्रेत्सियाचं घर? त्याचा मालक. त्यांना वेबसाइट हवीय."

"खरं?"

"खरं."

"शपथ?"

"इलिंकाची," ओतिलिया म्हणाली. हे सांगताना अजूनही ती डोळे मिटून घेते.

नेआ म्हणजे आमच्याकडे काका; हा झाहारिया वर डोंगरात राहणारा, सत्तरीला आलेला माणूस. बायको लुक्रेत्सिया वर्षापूर्वी गेली, आणि त्या दिवसापासून त्यानं गेस्टहाउसचं फाटक लावून घेतलं. ओतिलिया लुक्रेत्सियाचे केस करायची, तिच्या साठीच्या जेवणालाही गेली होती. फोनमध्ये त्या दिवसाचे फोटो होते: जिरेनियमची फुलं लावलेल्या खिडक्या, टाइल्सची जुनी शेगडी, फाटकावरची पत्र्याची पाटी, आणि दारात पिठाच्या हातांनी हसत उभी लुक्रेत्सिया. तेच फोटो तिनं क्रीनाला पाठवले.

"मी त्यांच्याशी बोलू का?" क्रीनानं विचारलं.

"नको गं. त्यांना ऐकू कमी येतं. फोनवर तर ओरडतातच. काय असेल ते माझ्यामार्फत."

आणि क्रीना बदलली. खरंच बदलली, फोनवर मीसुद्धा तिला ऐकलं एकदा. विचारायची, नेआ झाहारियांना बटण हिरवं आवडेल की तपकिरी? ओतिलिया दोन दिवस थांबून सांगायची, तपकिरी, पण जरा गडद. क्रीना म्हणायची, बघ, माणसाला नजर आहे! इलिंकाशी ती आता न रडता बोलायची, चित्रं दाखवायची. झोप यायला लागली म्हणायची. ओतिलिया मात्र रोज खरं सांगून टाकायचं ठरवायची. पण पूल डोळ्यांसमोर आला की ती पुढचं खोटं शोधायची. नाताळनंतर सांगू, तिला वाटायचं. एकदा नाताळ जाऊ दे.

डिसेंबरात क्रीनानं ती वेबसाइट इंटरनेटवर चढवून दिली, कुणाला न विचारता, भेट म्हणून. फाटकावरच्या पाटीच्या फोटोत झाहारियाचा फोन नंबर होता. तो तिनं मोठ्या अक्षरात वर घातला.

त्या दिवशी मी पार्लरमध्ये होते. डोकं रंगात भिजलेलं, खांद्यावर टॉवेल. दार ढकलून नेआ झाहारिया आत आला, बुटांवरचा बर्फही न झटकता.

"तीन दिवस माझा फोन वाजतोय," तो म्हणाला. "तीन दिवस! एक बाई विचारते, कुत्रं आणलं तर चालेल का. कुत्रं! मला माणूस चालत नाही!"

"नेआ झाहारिया, बसा ना," ओतिलिया म्हणाली.

"बसायला नाही आलो. भाच्याला विचारलं, काय भानगड आहे, तर त्यानं हे दाखवलं." त्यानं फोन तिच्या नाकासमोर धरला. "लुक्रेत्सिया आहे यात. दारात उभी. हसतेय. हा फोटो मी कधी पाहिलेलासुद्धा नाही. जगातल्या कुणीही यावं आणि माझ्या बायकोला बघावं, हे मला कुणी विचारलं?"

ओतिलियानं तिथंच, आम्हा तिघी गिऱ्हाईक बायकांसमोर, सगळं सांगून टाकलं. पुलासकट. बोलता बोलता ती स्टुलावर बसली. झाहारिया टोपी हातात घेऊन ऐकत होता. मला वाटलं, आता पाघळेल. पण तो म्हणाला, "तुझ्या मैत्रिणीचं दुःख तुझ्यापाशी ठेव. माझं मला पुरतंय. उद्यापर्यंत हे काढ, नाहीतर मी पोलिसांत जाईन." आणि तो गेला. माझ्या डोक्यावरचा रंग जरुरीपेक्षा जास्त वेळ राहिला, पण त्याबद्दल बोलायची ती वेळ नव्हती.

ओतिलियानं तोंड धुतलं आणि क्रीनाला फोन लावला. ठरवून लावला, की आता खरं सांगायचं. पण पलीकडून क्रीनाच आधी ओरडली.

"ओती! मी बसमध्ये आहे! स्लोव्हेनिया मागं गेलं, हंगेरीत शिरलो. तुला सांगणार नव्हते, पण पोटात राहीना!"

"बसमध्ये? आणि म्हातारी?"

"सोडलं काम. त्यांना दुसरी बाई मिळाली. मी म्हटलं, माझ्याकडे आता गिऱ्हाईक आहे, एक झालं तर दुसरं होईल. इलिंकाला सांगू नकोस हं, मला तिचं तोंड बघायचंय. आणि ऐक, नेआ झाहारियांना माझ्याकडून नाताळची भेट आहे. पाहुणे! ओरादिया शहरातलं कुटुंब, दोन पोरं आहेत. वेबसाइटवरून विचारलं त्यांनी, मी हो कळवून टाकलं. उद्याच येतायत. मी पारंगच्या वळणावरच उतरते, आधी वर जाते, त्यांना भेटते, मग घरी. ऐकू येतंय का?"

"येतंय," ओतिलिया म्हणाली.

मागं बसमध्ये कुणीतरी गाणं म्हणत होतं. ओतिलियानं खरं सांगायला दोनदा तोंड उघडलं. मग फोन कटला, आणि पुन्हा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी इलिंकाला माझ्याकडे सोडून ओतिलिया सकाळीच वर गेली. मिनीबस अर्ध्या रस्त्यात थांबली, पुढं बर्फ होता. ती चालत गेली. झाहारियानं दार अर्धंच उघडलं.

"काढलंस?"

"नाही. नेआ झाहारिया, ती येतेय. इथं, आज. काम सोडून आलीय. आणि पाहुणे येतायत, तिनं त्यांना हो म्हटलंय. एक दिवस, फक्त एक दिवस तुम्ही गप्प बसा. तुम्हाला वेबसाइट हवी होती एवढंच म्हणा. नंतर मी तिला सांगते, नंतर तुम्ही मला काय हवं ते करा. मी लाकडं फोडते, चादरी धुते, वर्षभर तुमचे केस फुकट कापते—"

"केस आहेत कुठं माझ्या डोक्यावर?"

"नेआ झाहारिया, ती काही करून घेईल हो!"

"आणि मी खोटं बोललो की नाही करणार?" तो म्हणाला. "उद्या कळल्यावर?"

त्यानं दार लावलं. ती पायरीवर बसली.

"मी हलणार नाही इथून," ती दाराकडे बघून म्हणाली.

"बस बापडे," आतून आवाज आला. "लांडगे यायच्या आत उठ म्हणजे झालं."

ती बसून राहिली. पाय बधिर झाले, मग पाय आहेत हेही कळेनासं झालं. प्रार्थना आठवत नव्हती म्हणून ती नुसतं 'देवा, देवा' म्हणत राहिली. बस चुकू दे, तिनं मागितलं. गाडी बिघडू दे. मग मागितलं, नको, नीट पोचू दे, काही होऊ दे पण नीट पोचू दे.

दुपार कलली तेव्हा रस्त्यावरून सूटकेस ओढल्याचा आवाज आला. क्रीना. पातळ शहरी कोट, नाक लाल, ओठांना लिपस्टिक ताजी लावलेली. वाटेत कुठंतरी थांबून लावली असणार, गिऱ्हाइकाला भेटायचं म्हणून. ती किती वाळली होती, ते फोनमध्ये कळायचं नाही.

"ओती! तू इथं?" तिनं मैत्रिणीला मिठी मारली, आणि आवाजानं झाहारियानं दार उघडलेलं बघून पटकन पुढं झाली. हात पुढं केला. "नेआ झाहारिया, मी क्रीना! तुमची वेबसाइट—"

झाहारियानं तिच्याकडे बघितलं, मग ओतिलियाकडे.

"तू सांगतेस की मी सांगू?" तो म्हणाला.

ओतिलियानं सांगितलं. फार थोड्या शब्दांत झालं ते. एवढे आठवडे जे छातीवर होतं ते सांगायला इतकेच शब्द लागावेत, याचंच तिला नवल वाटलं. क्रीनाचा हात अजून पुढंच होता.

"पण ते म्हणाले ना, बटण गडद हवं?"

"मी म्हणाले ते."

"आणि शेगडीचा फोटो मोठा कर, ते?"

"तेही मीच."

क्रीनानं हात खाली घेतला. हातमोजा काढला, परत घातला. मग सूटकेसवर बसली. रडली नाही. ओतिलिया म्हणते, रडली असती तर बरं झालं असतं.

त्याच वेळी खालून गाडी आली. साखळ्या बांधलेली चाकं, छतावर सामान. एक माणूस उतरला, त्याच्या मागं त्याची बायको, कडेवर लहान मुलगी, दुसरी हाताला धरलेली.

"हेच ना लुक्रेत्सियाचं घर?" माणूस हसून म्हणाला. "फोटोतल्यासारखंच आहे अगदी!"

"बंद आहे," झाहारिया म्हणाला. "चूक झाली. खाली गावात बघा."

"बंद? पण आम्हाला तर कळवलं की... अहो, खाली विचारूनच आलो, सगळं भरलंय. आणि पोरीला घाट लागलाय..."

तेवढ्यात हाताला धरलेली मुलगी वाकली आणि बर्फातच ओकली. आई धाकटीला खाली ठेवायला जागा शोधू लागली. क्रीना सूटकेसवरून उठली. तिनं मुलीचं कपाळ धरलं, केस मागं घेतले, पाठीवरून हात फिरवला. आजवर किती म्हाताऱ्यांना तिनं असं धरलं असेल. मग तिला उचलून ती सरळ झाहारियाच्या अंगावरून आत गेली.

"कोमट पाणी लागेल," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

तो बाजूला झाला. का झाला, त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही.

घर आत थडग्यासारखं गार होतं. तो फक्त स्वयंपाकघरात राहायचा, बाकी सगळं बंद. ओतिलियानं लाकडं आणली. क्रीनानं शेगडी पेटवली तर खोलीभर धूर. झाहारिया टोपी घालूनच टेबलाशी बसला होता. बराच वेळ बघत राहिला, मग खेकसला, "डावीकडची झडप उघड, नाहीतर मराल सगळे!" थोड्या वेळानं आणखी एकदा, जिन्याकडे बघून, "वरची कोपऱ्यातली खोली नाही. बाकी काय ते घ्या." मग उठून त्यानं तळघरातून लोणच्याचा कोबी आणला, डुकराच्या चरबीचा तुकडा आणला, मक्याचं पीठ काढलं. त्या पिठाची घट्ट लापशी, मामालिगा, त्यानंच ढवळली. ओरादियाची बाई दहादा आभार मानत होती आणि तो दहादा म्हणत होता, खा गुपचूप.

क्रीना आणि ओतिलिया वर चादरी घालत होत्या. एक टोक हिच्या हातात, एक तिच्या. लाकडं आणायला दोघी बाहेरच्या पडवीत गेल्या तेव्हा क्रीना बोलली.

"तू मला भीक घातलीस, ओती. आणि मी तो पगार समजून मिरवत आले. बसमधल्या प्रत्येक बाईला सांगितलं मी. ड्रायव्हरला सांगितलं."

"मला वाटलं तू मरशील."

"मग फोन करायचास इटलीत कुणालातरी! यायचंस! म्हणायचंस, क्रीना, घरी ये, उपाशी राहू पण ये! पाच वर्षांत एकदा तरी म्हणालीस का, ये?"

ओतिलिया लाकडं उचलायला वाकली.

"का नाही म्हणालीस, सांगू?" क्रीना म्हणाली. "मी आले की इलिंका जाईल तुझ्याकडून."

हे ओतिलियानं मला सांगितलं तेव्हा तिच्या हातातला कंगवा थांबला होता. "तिनं ते म्हणेपर्यंत मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आणि म्हटल्याबरोबर कळलं की माहीत होतं."

नाताळ वाईट गेला. क्रीनानं चौथ्या मजल्यावरचं घर उघडलं, झाडलं, इलिंकाला वर नेलं. पोरगी आईचा हात धरून गेली खरी, पण पाहुण्यांकडे बसतात तशी खुर्चीच्या कडेवर बसली. कॅरोल म्हणणारी मुलं जिन्यात येऊन गेली, कोबीच्या पानात गुंडाळलेले खिम्याचे सारमाले गरम झाले, आणि झोपायची वेळ झाली तशी ती म्हणाली, "मी आता माझ्या खोलीत जाऊ? तिलीकडे?"

"जा," क्रीना म्हणाली.

ओतिलियानं दार उघडलं तर समोर उशी घेऊन इलिंका. तिला बघून जिवाला जो आनंद झाला, त्याची ओतिलियाला इतकी लाज वाटली की ती तशीच अनवाणी तिला घेऊन वर गेली. क्रीना दारातच उभी होती. दोघी एकमेकींकडे न बघता उभ्या. मध्ये इलिंका.

"तुम्ही भांडलात तर मी उद्या कुणाकडे जेवायचं?" तिनं विचारलं.

क्रीना कोरडेपणानं म्हणाली, "दोन्हीकडे." आणि पोरीला म्हणाली, "आज खालीच झोप. उद्या ये." दार लागलं. आतून मग रडण्याचा आवाज यायला लागला. आम्ही सगळ्यांनी तो ऐकला, भिंती पातळ आहेत.

नव्या वर्षात क्रीनानं इटलीला बायका पाठवणाऱ्या एजंटाला फोन केला. जागा होती, एक म्हातारे गृहस्थ, दोन्ही पायांनी अधू. ती सूटकेस भरायला लागली. इलिंका त्या दिवशी शाळेतून आली ती सूटकेस बघून तिच्यातच जाऊन बसली, कपड्यांवर, बूट घालून. उठ म्हटलं तर उठेना. ओरडली नाही, रडली नाही. क्रीनानं कडा धरून ती सूटकेस हलवली, पोरगी आत तशीच. मग क्रीना तिच्या शेजारी जमिनीवर बसली. संध्याकाळपर्यंत दोघी तशाच होत्या.

नेआ झाहारिया त्याच आठवड्यात आला. चार जिने चढून धापा टाकत. मी तेव्हा क्रीनाच्याच दारात होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"ती ओरादियाची बाई विचारतेय, फेब्रुवारीत परत येऊ का, बहिणीला घेऊन," तो म्हणाला. "मी 'नाही' म्हणायला फोन उचलला, तोंडातून 'बघू' निघालं. मला पाहुण्यांशी बोलता येत नाही. ते लुक्रेत्सियाचं काम होतं."

"मला दया नकोय," क्रीना म्हणाली.

"दया? चादरी उलट्या घातल्या होत्यास तू. दया कसली? आणि तुझ्या त्या वेबसाइटवर लिहिलंयस, नाश्ता सातला. सातला मी माझ्या आईसाठी उठलो नाही. ते आधी बदल. मग वर ये, फोन उचल, पाहुणे बघ, आणि तुला काय द्यायचं ते तूच सांग."

"वेबसाइटचे पैसे वेगळे," क्रीना म्हणाली.

"वेगळे तर वेगळे."

"आणि लुक्रेत्सियाबाईंचा फोटो? काढून टाकू?"

झाहारियानं जिन्याचा कठडा धरला. "राहू दे," तो म्हणाला आणि खाली उतरायला लागला.

तेव्हापासून क्रीना सकाळी मिनीबसनं वर जाते, संध्याकाळी येते. उन्हाळ्यापर्यंत खोऱ्यातल्या आणखी दोन गेस्टहाउसांनी तिच्याकडून वेबसाइट करून घेतली. पैसे बेताचेच, इटलीत मिळायचे त्यापेक्षा कमी. अजूनही कधीकधी ती रात्री दचकून उठते, म्हातारीनं हाक मारली म्हणून. डॉक्टरकडे जाते, गोळ्या घेते. इलिंका अर्धा आठवडा वर, अर्धा खाली झोपते.

ओतिलियाशी मात्र ती बोलत नव्हती. निरोप इलिंकामार्फत. जिन्यात समोरासमोर आल्या तर मान हलवायच्या, बस. ओतिलियानं माफी मागून पाहिली, एकदा, दोनदा, नंतर सोडून दिलं. "तिचा राग आहे, तिला ठेवू दे," म्हणायची. पण दार वाजलं की बघायची.

ईस्टर होऊन गेल्यावर एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं, मी सोडून. क्रीना आत आली. कोट खुंटीला लावला, खुर्चीत बसली, आरशात बघत राहिली. केस खांद्यांच्या खाली आले होते, अर्धे पिकलेले.

ओतिलियानं तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं. गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. मग तिनं विचारलं, "किती कापू?"

"मला काय विचारतेस?" क्रीना म्हणाली. "तूच ठरवून टाक की, मला न सांगता."

ओतिलियाला हसावं की रडावं कळेना. तिनं फवारा उचलला आणि केस ओले करायला लागली.